खाटेचा कठडा आणि खोलीतला उजेड

रुग्ण ज्या आजारासाठी रुग्णालयात येतो त्याच्याशी संबंध नसलेला, दाखल होताना त्याच्या शरीरात नसलेला आणि साधारणपणे ४८ तास उलटून गेल्यावर प्रकट होणारा संसर्ग वैद्यकशास्त्रात रुग्णालयजन्य संसर्ग मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अहवालानुसार रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांमागे श्रीमंत देशांत ७ आणि अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो आणि संसर्ग झालेल्यांपैकी सरासरी दहातला एक दगावतो. हे जंतू मुख्यतः हातांवरून प्रवास करतात ही गोष्ट सेमेलवाइसने व्हिएन्नामध्ये १८४७ साली दाखवून दिली; मात्र हात धुतल्यानंतर तो ज्या वस्तूंना लागतो त्या वस्तूंकडे पाहण्याची सवय वैद्यकाला फार उशिरा लागली. जखमा पिकवणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू कोरड्या पृष्ठभागावर ७ दिवसांपासून ७ महिन्यांपर्यंत आणि अतिदक्षता विभागांत धास्ती निर्माण करणारा असिनेटोबॅक्टर ३ दिवसांपासून ५ महिन्यांपर्यंत तग धरू शकतो, असे जर्मनीतील संशोधकांनी २००६ साली जुन्या अभ्यासांचा आढावा घेऊन नोंदवले. खाटेवरचा रुग्ण आठवड्याभरात घरी जातो, पण त्याचा जंतू कठड्यावर पुढच्या रुग्णाची वाट पाहत राहू शकतो, असा या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ आहे.

नागपूरच्या उत्तरेला सावनेरच्या रस्त्यावर असलेले कोराडी बाहेरच्या माणसाला जगदंबेच्या देवस्थानामुळे आणि औष्णिक विद्युत केंद्रामुळे ठाऊक असते. ६६० मेगावॅटचे तीन संच असलेल्या या गावात आणि आजूबाजूच्या वस्त्यांत जी लहान रुग्णालये आहेत, त्यांच्याकडे बाळंतपणे, ताप, अपघाताच्या जखमा आणि मोठ्या रुग्णालयातून परत आलेले रुग्ण येतात. यातला शेवटचा वर्ग संसर्गाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो, कारण लघवीची नळी अजून काढलेली नसते, पाठीला शय्याव्रण झालेला असतो आणि अनेक प्रतिजैविके देऊन झालेली असल्यामुळे शरीरावर वास करणारे जंतू औषधांना सरावलेले असतात. अशा ठिकाणी संसर्ग नियंत्रणासाठी स्वतंत्र परिचारिका क्वचितच नेमलेली असते. वॉर्डची इन्चार्ज सिस्टरच ते काम अंगावर घेते आणि तिच्या हाताखाली मावशी व वॉर्डबॉय यांच्या दोन पाळ्या असतात. प्रकाशाने सक्रिय होणाऱ्या जंतुनाशक पृष्ठभागांबद्दलची चर्चा सहसा रसायनशास्त्रज्ञांच्या बाजूने होते. प्रस्तुत विवेचनात ती या सिस्टरच्या आणि मावशीच्या रोजच्या कामाच्या अनुभवातून तपासून पाहिली आहे.

रुग्ण गेल्यावर खाट पुसण्याचे काम वरून सोपे दिसते. सकाळी बादलीत हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, तयार केले जाते, त्यात फडके बुडवून पिळले जाते आणि मावशीचा हात कठड्याच्या वरच्या नळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतो. मात्र रुग्ण उठताना बोटे नळीच्या खालच्या बाजूने वळवून कठडा पकडतो, त्यामुळे हाताचा घाम, मलम आणि सलाईनचे थेंब नेमके खालच्या अंगाला साचतात, आणि तिथे फडके पोहोचवायचे तर मनगट उलटे वळवावे लागते. कठडा खाली पाडण्याची जी खिट्टी असते, तिच्या खाचेत जुन्या चिकटपट्टीचा काळपट डिंक बसलेला असतो, आणि तो नखाने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने खरवडल्याशिवाय सुटत नाही. सलाईन स्टँडचे वरचे आकडे चकचकीत असतात, पण उंची कमीजास्त करण्याचा फिरकीचा स्क्रू, ज्याला प्रत्येक पाळीतली प्रत्येक सिस्टर हात लावते, तो पुसण्याच्या यादीत बहुधा नसतो. शिवाय हायपोला आपले काम करण्यासाठी पृष्ठभाग ठरावीक काळ, बहुधा १० मिनिटे, ओला राहावा लागतो; नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आणि डोक्यावर पंखा फिरत असताना पुसलेला कठडा पाहता पाहता कोरडा होतो. ही मावशीची कुचराई नव्हे. जी वेळ बाटलीवर छापलेली असते ती या हवेत मिळतच नाही, आणि श्रावणात तोच कठडा बराच वेळ ओलसर राहतो.

पुसणे आणि पुन्हा पुसणे यांच्यामधल्या तासांत पृष्ठभागाने स्वतःच जंतू मारत राहावे ही कल्पना या अडचणीतूनच जन्मली. उजेडात जंतू मरतात हे लोकांना अनुभवाने माहीत होतेच. बाळंतिणीच्या गाद्या आणि गोधड्या उन्हात घालण्याची रीत विदर्भात घरोघरी आहे. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ पसरली तेव्हा दाट वस्तीतल्या घरांची कौले काढून ऊन आणि वारा आत घेण्याचे उपाय अधिकाऱ्यांनी केले होते, जरी त्या रोगाचा उंदीर-पिसवांशी असलेला संबंध तेव्हा पुरता उलगडलेला नव्हता. प्रयोगशाळेत ही गोष्ट इंग्लंडमधील डाउन्स आणि ब्लंट यांनी १८७७ मध्ये दाखवली: पोषक द्रावणाच्या ज्या नळ्या उन्हात ठेवल्या त्या स्वच्छ राहिल्या आणि झाकून ठेवलेल्या गढूळ झाल्या. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनने त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार केले आणि त्यासाठी त्याला १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या सर्व उदाहरणांत उजेड थेट काम करतो, आणि त्याचा बराचसा भार अतिनील किरणांवर असतो, जे माणसाच्या डोळ्याला व त्वचेलाही इजा करतात. म्हणूनच शस्त्रक्रियागृहात अतिनील दिवा लावायचा तर खोली रिकामी करावी लागते. निरुपद्रवी, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाकडून हेच काम करून घेण्याचा मार्ग म्युनिकमध्ये सापडला. हेर्मान फोन टापायनर यांच्या प्रयोगशाळेत ऑस्कार राब या विद्यार्थ्याला १९०० च्या सुमारास असे आढळले, की अ‍ॅक्रिडीन नावाच्या द्रव्याने पॅरामेशियम हे एकपेशीय जीव मरतात की जगतात हे त्या वेळी खोलीत उजेड किती होता यावर अवलंबून असते. आणि पुढे टापायनर यांनी या क्रियेला ऑक्सिजनही लागतो हे दाखवले. रंगद्रव्य, उजेड आणि ऑक्सिजन या तिघांपैकी एकही कमी पडला तर जंतू मरत नाही. आजच्या सर्व प्रकाशसक्रिय पृष्ठभागांचे गणित याच तीन गोष्टींवर उभे आहे.

यातली यंत्रणा थोडी सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण तिच्या मर्यादाही तिच्यातूनच निघतात. रंगद्रव्याचा रेणू विशिष्ट रंगाचा प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून ऑक्सिजनचे एक अतिशय चपळ रूप तयार होते, ज्याला सिंगलेट ऑक्सिजन म्हणतात, किंवा इलेक्ट्रॉनच्या देवघेवीतून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी द्रव्ये तयार होतात. ही द्रव्ये जंतूच्या पेशीचे आवरण, प्रथिने आणि आनुवंशिक द्रव्य या सगळ्यांवर एकाच वेळी आघात करतात, त्यामुळे प्रतिजैविकाच्या एका ठरावीक लक्ष्यावर जंतू जशी पळवाट काढतो तशी इथे काढणे त्याला अवघड जाते. पण सिंगलेट ऑक्सिजनचे पाण्यातले आयुष्य सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांइतकेच असते आणि तेवढ्यात तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासचे अंतर कापतो. म्हणजे जंतू पृष्ठभागाला प्रत्यक्ष टेकलेला असला तरच त्याच्यावर परिणाम होतो; दोघांच्या मध्ये सुकलेल्या घामाचा पातळसा पापुद्रा आला तरी हा मारा वाया जातो.

पृष्ठभागांचे दुसरे घराणे टायटॅनियम डायऑक्साइडचे आहे. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असणारे हेच द्रव्य. त्याचा मूळ धातुक इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही सापडतो. टोकियोमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली प्रकाश पडलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडने पाण्याचे विघटन होते हे प्रसिद्ध केले, १९८५ मध्ये मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी याच द्रव्याच्या चूर्णाने सूक्ष्मजीव मारून दाखवले, आणि त्यानंतर जपानमध्ये असा थर दिलेल्या टाईल्स बाजारात आल्या. हा थर टिकाऊ आणि स्वस्त आहे, पण शुद्ध स्वरूपात तो ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीच्या, म्हणजे अतिनील, प्रकाशानेच जागा होतो. जुन्या ट्यूबलाइटमधून असे थोडे किरण बाहेर पडत असत. आज सर्वत्र लागलेले पांढरे एलईडी दिवे मात्र सुमारे ४५० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडापासून पिवळ्या दीप्तिद्रव्याच्या साहाय्याने पांढरा उजेड बनवतात आणि त्यांत अतिनील भाग जवळजवळ नसतो. विजेची बचत करण्यासाठी केलेला योग्य बदल या थराला मात्र उपाशी ठेवतो. एखाद्या रुग्णालयाला असे रंग किंवा टाईल्स विकायला येणाऱ्या माणसाला हा एक प्रश्न तरी विचारला गेला पाहिजे.

रंगद्रव्यांच्या बाजूने सर्वांत उल्लेखनीय काम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आयव्हन पार्किन आणि सहकाऱ्यांनी केले आहे. त्यांनी सिलिकोन आणि पॉलियुरेथेन या प्लास्टिकांत, ज्यांपासून नळ्या आणि कळफलकांची आवरणे बनतात, क्रिस्टल व्हायोलेट किंवा मिथिलीन ब्लू मुरवले आणि त्याला सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची जोड दिली. क्रिस्टल व्हायोलेट म्हणजे जुन्या सिस्टरांना परिचित असलेले जेन्शियन व्हायोलेटच. लहान मुलांच्या तोंडातल्या चट्ट्यांवर आणि जखमांवर लावले जाणारे ते जांभळे औषध. या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात सोन्याचे नेमके २५ अणू असलेले पुंजके क्रिस्टल व्हायोलेटसोबत वापरले आणि सुमारे ३०० लक्सच्या उजेडात, म्हणजे वॉर्डात किंवा प्रतीक्षाकक्षात असतो तेवढ्या उजेडात, जंतू मारून दाखवले. त्याआधीच्या तशाच थरांना शस्त्रक्रियागृहातल्यासारखा ३००० लक्सचा उजेड लागत असे. स्टॅफिलोकोकस ऑरियसची संख्या ६ तासांत आणि ई. कोलायची २४ तासांत मोजता न येण्याइतकी खाली गेली. ई. कोलायला चौपट वेळ लागण्याचे एक कारण त्याच्याभोवती असलेले जादा बाह्य आवरण हे आहे, आणि असिनेटोबॅक्टर व क्लेबसिएला हे आपल्याकडच्या वॉर्डांना सर्वाधिक छळणारे जंतूही त्याच जातकुळीचे आहेत.

३०० लक्स हा आकडा कोराडीच्या वॉर्डात कुठे भेटतो? लक्स म्हणजे एक चौरस मीटर जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप, आणि तेही माणसाच्या डोळ्याला जो उजेड जास्त जाणवतो त्याला जास्त वजन देऊन काढलेले. क्रिस्टल व्हायोलेट ५९० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी-पिवळा उजेड सर्वाधिक शोषते आणि मिथिलीन ब्लू ६६० च्या आसपासचा लाल. पांढऱ्या एलईडीत पहिला पुष्कळ असतो, दुसरा बराच कमी. म्हणजे लक्स सारखेच असले तरी दोन रंगद्रव्यांना मिळणारे अन्न सारखे नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उजेड छतावरून खाली येतो. दुपारच्या उन्हात अंगणात लाखभर लक्स असतात, खिडकीजवळच्या खाटेवर हजाराच्या घरात असू शकतात. पण याच विदर्भात मार्च उजाडला की खिडक्यांना खसाच्या ताट्या किंवा जाड पडदे लागतात, कारण उन्हाला आत येऊ देणे रुग्णाला सोसत नाही. ज्या ऋतूत बाहेर सर्वाधिक उजेड असतो त्याच ऋतूत वॉर्ड सर्वाधिक अंधारा असतो. रात्री दहानंतर मोठे दिवे मालवले जातात, कारण रुग्णाची झोप हाही उपचारच आहे, आणि मग आठ तास फक्त सिस्टरच्या टेबलावरचा दिवा जळत राहतो.

आणि कठड्याच्या खालच्या अंगाला, जिथे बोटे वळतात, दिवसाही छतावरचा उजेड थेट पोहोचत नाही. फरशीवरून परतून आलेला तेवढाच मिळतो. या संपूर्ण विषयाचे मर्म इथे आहे असे म्हणावे लागेल. प्रकाशसक्रिय थराचा गाजावाजा होतो तो माणसाच्या हातून राहून जाणाऱ्या जागा भरून काढणारा म्हणून. पण फडके ज्या जागा चुकवते त्यांतल्या पुष्कळ जागा उजेडही चुकवतो. खिट्टीची खाच, स्क्रूची मागची बाजू, लॉकरच्या मुठीचा आतला भाग, बेडपॅनच्या दांड्याचे खालचे अंग या जागा हाताला अवघड आहेत आणि दिव्यालाही आडच्या आहेत. उलट लॉकरचा माथा, जेवणाचे टेबल आणि कठड्याची वरची नळी या जागांवर उजेडही भरपूर असतो आणि मावशीचे फडकेही रोज फिरते.

हे कल्पनेने म्हटलेले नाही. पुसण्याची तपासणी करण्याची एक साधी पद्धत आहे, जिच्यात साध्या उजेडात न दिसणारे आणि अतिनील टॉर्चखाली चमकणारे जेल आधी ठरवलेल्या जागांवर ठिपक्याएवढे लावले जाते आणि पुसून झाल्यावर टॉर्च मारून ठिपका उरला आहे का ते पाहिले जाते. फिलिप कार्लिंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३६ रुग्णालयांत अशी तपासणी केली तेव्हा पुसायला हव्या असलेल्या जागांपैकी निम्म्याहून कमी जागा प्रत्यक्षात पुसल्या गेल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. श्रीमंत देशातली ही स्थिती पाहिली, की दोन पाळ्यांत वीस-पंचवीस खाटा, संडास, जिना आणि शस्त्रक्रियागृहाचा पोछा सांभाळणाऱ्या मावशीकडे बोट दाखवणे किती अन्यायाचे आहे ते कळते. कार्लिंग यांच्या कामाचा पुढचा भाग अधिक मोलाचा आहे: तपासणीचे निकाल स्वच्छता कर्मचाऱ्यांना दोष न देता दाखवले आणि त्यांच्याशी बोलून पद्धत सुधारली तेव्हा पुसल्या जाणाऱ्या जागांचे प्रमाण लक्षणीय वाढले. टॉर्चखाली चमकणारा ठिपका मावशीने स्वतः पाहिला, की पुढच्या खेपेला मनगट आपोआप उलटे वळते, कारण न दिसणारी घाण तिला प्रथमच दिसलेली असते.

कोराडीत या विषयाला आणखी एक पदर आहे. कोळशाची ने-आण, राखेचे तलाव आणि उन्हाळी वावटळी असलेल्या परिसरात खिडकीच्या कठड्यावर, पंख्याच्या पात्यांवर आणि लॉकरच्या माथ्यावर बारीक करडी धूळ बसते. सकाळी पुसलेल्या जागेवर संध्याकाळी बोट फिरवले तर रेघ उमटते. कोळशाच्या राखेचे कण मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाचे, काही मायक्रॉन आकाराचे असतात. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापुरता ज्याचा पल्ला आहे अशा सिंगलेट ऑक्सिजनच्या दृष्टीने हा एक कणसुद्धा डोंगर ठरतो, आणि त्या कणावर बसलेला जंतू खालच्या थराला कधी स्पर्शही करत नाही. त्यामुळे असा थर लावल्यावर पुसणे कमी करता येईल ही अपेक्षा इथे उलटी फिरते. थराला काम करता यावे म्हणून त्याला अधिक नेमाने पुसावे लागते. आणि पुसायचे कशाने, हाही प्रश्न आहे, कारण हायपो हे मुळात रंग उडवणारे द्रव्य आहे, आणि क्रिस्टल व्हायोलेट किंवा मिथिलीन ब्लू प्लास्टिकात कितीही खोल मुरवले असले तरी वरच्या पातळीवरचे रेणू, म्हणजे नेमके उपयोगाचे रेणू, त्याच्या तावडीत सापडू शकतात. साबणाच्या पाण्याने पुसावे आणि हायपो रक्त सांडल्यावरच वापरावे असा नियम करता येईल, पण तो नियम थर खरेदी करण्यापूर्वी मावशीशी बोलून करायला हवा.

प्रयोगशाळेतील चाचणीच्या अटीही इथे लक्षात घ्याव्या लागतात. प्लास्टिकसारख्या पृष्ठभागांची जंतुनाशकता मोजण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या आयएसओ २२१९६ या मानकात जंतूंचे द्रावण पृष्ठभागावर ठेवून वर पातळ पापुद्रा झाकला जातो आणि ३५ अंश तापमानात, ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत २४ तास ठेवले जाते. प्रकाशसक्रिय थरांसाठी आयएसओ २७४४७ आणि घरातल्या उजेडासाठी आयएसओ १७०९४ अशी वेगळी मानके आहेत, पण ओल्या पापुद्र्याखाली जंतू ठेवण्याची कल्पना तिथेही तीच आहे. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी हवेत इतका कोरडेपणा असतो की ओठ फाटतात. त्या हवेत जंतूभोवती तो ओला पापुद्रा नसतो आणि पाण्याच्या साहाय्याने चालणाऱ्या या क्रियेचा वेग प्रयोगशाळेतल्यासारखा राहील असे गृहीत धरता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये परिस्थिती प्रयोगशाळेच्या बरीच जवळ येते. म्हणजे एकच थर एकाच वॉर्डात दोन ऋतूंत दोन प्रकारे वागू शकतो.

या मर्यादा असूनही ही कल्पना टाकाऊ ठरत नाही. जिथे हात वारंवार लागतो, उजेड समोरून पडतो आणि दोन पुसण्यांमधले अंतर मोठे असते अशा वस्तू प्रत्येक रुग्णालयात आहेत: मॉनिटरच्या कळा, इन्फ्युजन पंपाचा दर्शनी भाग, संगणकाचा कळफलक, रुग्णाच्या नोंदींच्या फायलीचे प्लास्टिकचे पाकीट, दिव्याचे बटण. कळफलकाच्या दोन कळांमध्ये फडके जात नाही, पण वरून उजेड जातो, आणि ज्या सिस्टरने नुकतेच ड्रेसिंग बदलले तीच मोजे काढून तिथे नोंद टाइप करते. शय्याव्रणाचा रुग्ण आणि हा कळफलक यांच्यामधले अंतर एका हाताचे असते. रुग्णालयातल्या मोजक्या पैशांतून थर घ्यायचाच असेल तर तो भिंतीवर किंवा फरशीवर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही, कारण भिंतीला कोणी हात लावून रुग्णाला हात लावत नाही.

अशा थराची परीक्षा कोराडीसारख्या ठिकाणी घ्यायची झाली, तर थर लावलेल्या आणि न लावलेल्या सारख्याच वस्तूंवरून स्वॅब घेऊन कल्चर करणे, ते मे आणि ऑगस्ट अशा दोन्ही महिन्यांत करणे, प्रत्येक जागी लक्समीटर पृष्ठभागाला टेकवून आणि गरज पडेल तिथे उलटा धरून माप घेणे, धुळीचा थर बसण्याआधी आणि बसल्यावर वेगवेगळी नोंद करणे, एवढ्या गोष्टी कराव्या लागतील. स्वॅबच्या जागांची यादी मात्र पुस्तकातून न घेता पाळीवरच्या मावशीला वॉर्डभर सोबत फिरवून, तिचा हात कुठे कुठे अडतो ते तिच्याच तोंडून ऐकून तयार करावी लागेल, आणि त्या यादीत कठड्याची खिट्टी व सलाईन स्टँडचा स्क्रू या दोन नोंदी सर्वांत वर असतील.